मध न देणारी माशी

मी मधमाशी बोलतेय. मधाची बरणी आधी खाली ठेवा. माझ्याकडे मध नाही, पोळं नाही, राणीबिणी तर नाहीच. मी रानातली एकटी माशी. भिंतीच्या बुडाशी मातीत स्वतः बीळ खणते आणि स्वतःच राबते.

माझा जन्म त्याच मातीतल्या अंधाऱ्या कोठडीत झाला. आईला मी कधी पाहिलं नाही. परागाचा एक गोळा, त्यावर माझं अंडं, आणि कोठडीचं दार बंद. एवढीच तिची माया. गोळा कुंपणावरच्या रानवेलीच्या फुलांचा होता. आमच्या जातीच्या पोरांना तोच पचतो. वेलीला फुलं येतात तेव्हाच आम्ही बाहेर येतो. नवराही मला तिथेच भेटला. भेटला, उडाला, मेला. रडत बसायला मला वेळ नव्हता.

कुंपणाचा मालक निवृत्त साहेब. निवृत्त माणसाइतका धोकादायक प्राणी मी पाहिलेला नाही. वेळ भरपूर आणि दुसऱ्याचं ऐकायची सवय नाही. एके सकाळी त्यांनी पेपरात वाचलं की मधमाश्या संपत चालल्यात. झालं! चहा अर्धा टाकून उठले, नर्सरीत गेले आणि गाडीभर परदेशी रोपं घेऊन आले. रोपांना ऊन हवं, म्हणून कोयता घेऊन माझी वेल बुडापाशी छाटली.

"अहो, वेलीवर माश्या बसायच्या की," त्यांच्या घरच्या बाई ओट्यावरून ओरडल्या.

"त्या कसल्या माश्या! मध देतात का? फुकट्या आहेत नुसत्या."

"तुम्ही तरी काय देता हो घरात बसून?"

"तू आत जा. तुला त्यातलं काही कळत नाही."

बाई आत गेल्या. त्या नेहमीच आत जातात. कळत असून आत जाणाऱ्यांचाही मला तितकाच राग आहे.

छाटलेल्या ढिगावरची फुलं सुकेपर्यंत मी परागासाठी झटले. मग कचऱ्याची गाडी आली आणि ढीगही गेला.

राहिली साहेबांची बाग. लाल फूल केवढं थोरलं! आत शिरले, तर पाकळीत पाकळी, तिच्यात आणखी पाकळी. शोभेसाठी माणसांनी परागाच्या जागीही पाकळ्याच वाढवल्यात. शेजारच्या जांभळ्या तुऱ्यात मात्र गोड रस होता. खोटं कशाला बोलू, मी ढोसला. पेटीत पाळलेल्या माश्याही तिथे येतात, त्यांना ते फूल मानवतं. माझंही पोट भरलं. प्रश्न माझ्या पोटाचा नव्हता.

"आली गं, आली! माझी पहिली पाहुणी!" साहेबांनी मोबाईल माझ्या तोंडाशी आणला.

"दमलेली दिसतेय हो ती," बाई मागून म्हणाल्या.

"दमेल नाही तर काय? पोटभर जेवलीये!"

सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांत तो फोटो फिरला. एकाने लिहिलं, "साहेब, तुम्ही खरे निसर्गप्रेमी." बाकीच्यांनी हात जोडले. आयुष्यभर एकमेकांची पाठ थोपटून यांचे हात दुखत कसे नाहीत?

दुसरं काही नव्हतंच, म्हणून मी तुऱ्यातला पराग नेला. गोळा वळला, अंडं घातलं, दार लिंपलं. आमच्यात दार पुन्हा उघडत नाहीत. मी उघडलं. पोर अंड्यातून निघून अळी झालं होतं, गोळ्याला तोंड लावून पडलं होतं. गोळा जवळजवळ तसाच, आणि पोर वाळलेलं. भरल्या ताटावर उपाशी मेलं.

आता माझे पंख कडेने फाटलेत. पोटात शेवटचं अंडं आहे. तिकडे कुंपणाखाली वेलीच्या मुळाला हिरवा कोंब फुटलाय. पण त्याला फूल यायला वेळ लागेल, आणि अंडं पोटात थांबत नाही.

म्हणून मी पुन्हा त्याच तुऱ्यातला पराग आणलाय. यावेळी सगळं माहीत असून. अंडं घालून दार लिंपतेय, आणि साहेब कोंबापाशी वाकून उभे आहेत, हातात खुरपं.

"हे तण परत आलं बघ!"

साहेब, उपटा नाही तर ठेवा. पुढच्या कुणाच्या तरी पोराला त्याने फरक पडेल. माझं पोर जेवायला बसलंय.