आर्डिथबाईंच्या पुंगळ्या

मित्रांनो, मी एक जुना पोलादी साचा आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी माझ्यात दाबली की तिची सैल झालेली मान मी आवळतो, म्हणजे नवी गोळी तिथे घट्ट बसते. फक्त मान. पोटाला मी हात लावत नाही. इतके संयमी नातेवाईक माणसांत दुर्मीळ असतात.

माझा जन्म लेथवर झाला आणि उमेदीची वर्षं गेली मोंटानातल्या व्हर्लिन हाउगेनच्या गॅरेजमध्ये. माझ्या पुंगळ्यांमुळे साऱ्या आळीच्या फ्रीझरात हरणाचं मांस पोचलं. कौतुक व्हर्लिनच्या नेमाचं झालं. मधली काही वर्षं मी रंगाच्या डब्यामागे गंजतही पडलो. तक्रार नाही.

यंदा त्याच्या बायकोला, आर्डिथबाईंना, सोडतीत मूसचा परवाना लागला. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर. त्या परवान्यासाठी लोक जन्मभर अर्ज करतात आणि तसेच मरतात.

हंगामाच्या आदल्या दुपारी व्हर्लिनने मान आवळलेली रिकामी पुंगळी बाईंच्या रायफलमध्ये घालून पाहिली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत कोंडणारा मागचा दांडा, मिटेना. त्याने मला दाबयंत्रात थोडं खाली फिरवलं. मिटेना. आणखी खाली. मिटेना. दुकानात या मापाची काडतुसं केव्हाच संपली होती. साचा म्हातारा झाला, झिजला, असं म्हणत त्याने भंगाराची बादली पुढे ओढली. तो स्वतः दोन्ही होता, पण बादली माझ्यासाठी होती.

बाई पिठाचे हात पुसत आल्या. त्यांनी मेणबत्ती लावली, पुंगळीवर काजळी धरली, ती रायफलमध्ये ढकलून बाहेर काढली. मानेवरची काजळी शाबूत. पोटावरची पुसलेली.

"साच्याला कशाला शिव्या देतोस? ही तुझ्या रायफलमध्ये झाडलेली. तिथे पोटात फुगली, तिथलीच झाली; माझीत मावत नाही."

"दोन्ही रायफली एकाच मापाच्या आहेत. म्हणून तर लग्नाच्या वाढदिवसाला तुला तशीच घेतली."

"हो. मला अंगठी हवी होती."

बाईंनी आपल्या रायफलमध्ये झाडलेल्या पुंगळ्या शिवणाच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यांचा नवऱ्यावर विश्वास होता, त्याच्या डब्यांवर नव्हता. व्हर्लिनने मला मूळ जागी आणलं आणि त्यातली पहिली पुंगळी दाबली. बाईंच्या रायफलचा बोल्ट एका बोटाने मिटला.

"आता त्याची माफी माग," बाई म्हणाल्या.

त्याने मला पुसून तेलाचा थेंब दिला. आमच्याकडचे पुरुष माफी अशीच मागतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रकच्या मागून भलंमोठं शिंग डोकावताना दिसलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. मी आरपार पोकळ असल्यामुळे तो मला चांगला लांब टाकता येतो.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून कोरडी ठेवा, आणि अडलं की आधी नीट बघा. भंगाराची बादली कुठे पळून जात नाही.