डेकवरची एक खुर्ची

मित्रांनो, मी लाल काठाचा एक जुना पंचा आहे. माझे आयुष्य म्हैसुरात गेले, पण सुरुवात मी समुद्रापासून करतो. कारण आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस तिथे मावळला.

कोचीहून निघालेल्या एका मोठ्या जहाजावर मी अप्पांच्या खांद्यावर होतो. अप्पा म्हणजे नरहरी, म्हैसुरातले जुने शिंपी. सोबत त्यांची मुलगी मधुमिता. दोन रात्रींची ही सहल तिनेच ठरवली होती. अप्पांचे गुडघे पार गेले होते. चहूकडे पाणीच पाणी असेल अशा जागी बसून एकदा सूर्य बुडताना पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. मधुमितालाही फार काही नको होते. दोन खुर्च्या आणि अप्पांची बडबड, बस्स.

पण जहाजावर माणसे अशी भरली होती की समुद्राआधी लोकांच्या पाठीच दिसत. नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग, हात धुवायला रांग. पोहण्याच्या तलावाजवळ सकाळपासून कानठळ्या बसवणारी गाणी. डेकवरच्या खुर्च्या पहाटेच कोणी ना कोणी बळकावलेल्या. पहिला दिवस उभ्यानेच गेला.

"जाहिरातीत तर डेकवर दोनच माणसं होती," मधुमिता वैतागून म्हणाली.

"ती दोघं अजून कॉफीच्या रांगेत असतील," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, सूर्य कलायला लागला तेव्हा कठड्याजवळची एक खुर्ची रिकामी झाली. मधुमिता जवळजवळ धावलीच. "अप्पा, बसा. मी कॉफी आणते. उठायचं नाही हं!"

ती गेली. अप्पांनी मला खांद्यावरून काढले, झटकले, खुर्चीवर नीट पसरले आणि स्वतः कठडा धरून शेजारी उभे राहिले.

असे त्यांनी का केले, हे कळायला माझे आधीचे दिवस ठाऊक हवेत. मी हातमागावर विणला गेलो. अप्पांनी मला कोरा आणला आणि आपल्या मशीनवर माझे काठ लाल दोऱ्याने दुमडून शिवले. दुकानात ओला करून, इस्त्रीखाली घालून त्यांनी माझ्याकडून कितीतरी पँटींच्या घड्या बसवून घेतल्या. पण माझे खरे काम बसस्टँडवर होते. मधुमिताला पहिली नोकरी हुणसूरच्या शाळेत लागली आणि सकाळच्या बसला तोबा गर्दी असे. आमच्याकडे जागा धरायची एक रीत आहे. बस थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल किंवा पंचा सीटवर टाकायचा. ज्याचे फडके, त्याची जागा. मग तिथे दुसरे कोणी बसत नाही. अप्पा रोज दुकान उघडण्याआधी लेकीबरोबर स्टँडवर येत, बसच्या कडेने धावत आणि मला अचूक आत फेकत.

"नरहरी मास्तरांचा पंचा पडला. आता कोणाची हिंमत?" कंडक्टर मंजुनाथ हसायचा. मी फुगून जायचो. मधुमिता बसली की मला खिडकीतून परत देई आणि पुस्तकात डोके खुपसे. बस सुटेपर्यंत अप्पा खाली उभे असत.

जहाजावरही ते तसेच उभे होते. कॉफीची रांग हलत नव्हती. इतक्यात जहाजावरचा एक कर्मचारी आला. त्याने मला उचलले आणि ओल्या टॉवेलांच्या ढिगात टाकले. "रिकामी खुर्ची अडवता येत नाही, सर."

"माझी मुलगी येतेय हो," म्हणत अप्पा मला त्या ढिगातून ओढू लागले. तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ खुर्चीत बसलेसुद्धा.

मधुमिता दोन कप सांभाळत आली. "अप्पा, खुर्ची कुठाय?"

"गेली गं."

"गेली म्हणजे? मी तुम्हाला बसायला सांगितलं होतं ना?"

"मी बसलो तर ती माझी होते. पंचा टाकला की तुझी."

"ही काय हुणसूरची बस आहे? आणि मला कशाला जागा? गुडघे कोणाचे दुखतात?"

"सुम्मने, उगाच ओरडू नको, लोक बघतायत. कॉफी दे." त्यांनी एक घोट घेतला. "ही कॉफी? फिल्टर विसळलेलं पाणी बरं याच्यापेक्षा."

एरवी ती हसली असती. त्या संध्याकाळी हसली नाही. उंचावलेल्या मोबाइलांच्या मागे सूर्य बुडाला. अप्पा टाचा उचलून म्हणाले, "दिसला, दिसला थोडा." दिसला नव्हता, हे तिला कळले. राग जहाजाचा होता, गर्दीचा होता, ही सहल निवडल्याचा होता. पण अबोला धरला तो अप्पांशी.

सकाळी जहाज किनाऱ्याला लागले. अप्पांना जाग आली नाही.

मग म्हैसुरात, बोगादीच्या घरी माणसांची रीघ लागली. "भाग्यवान हो, समुद्र बघून गेले," जो तो म्हणे. मधुमिता मान हलवी, आणि तिची मूठ माझ्यावर आवळे. समुद्र कुठे पाहिला त्यांनी? पाठी पाहिल्या.

तेराव्याचे जेवण उरकले. चुलत आत्या भागीरथीबाईंनी मला दोरीवरून ओढले, सांडलेल्या ताकावर टाकले आणि पायाने फिरवायला लागल्या. मला वाईट वाटले. मधुमिताने वाकून मला हिसकावून घेतले.

"अगो, जुनं फडकं ते! त्याला काय एवढं?"

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. मी सुताचा आहे, विरणारच. पण तुमच्यासाठी कोणी उभे राहत असेल, तर त्याच्यावर रागावून गप्प बसू नका. रागसुद्धा बोलून दाखवा. त्या रागाच्या पोटात काय आहे, ते त्या माणसाला कळू द्या.

ताकाने भिजलेला मी मधुमिताच्या हातात होतो आणि घर पाहुण्यांनी भरले होते. सगळ्यांसमोर, मोठ्याने, ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही उभे राहिलेले मला बघवत नाही. कधीच बघवलं नाही. बसा आता."