दर अकरावी रेघ

सरकारी कार्यशाळेत त्याला सगळे कात्रीमिस्त्री म्हणत. कामच तसं होतं. जप्त केलेली बेकायदा हत्यारं नष्ट करायचा हुकूम कोर्टाने दिला की ती लाकडी पेट्यांतून त्याच्या शेडमध्ये येत आणि तो ती कापून काढी. नळी तीन जागी कापायची, घोडा आणि चाप घणाखाली चेचायचे, तुकडे भट्टीकडे पाठवायचे. तीस वर्षांत त्याने एखाद्या लहानशा सैन्याला पुरतील इतकी हत्यारं कापली असतील. स्वतः मात्र उंदीर दिसला की खुर्चीवर चढायचा, आणि शेडमधली मंडळी ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगायची.

त्या दिवशी नऊ पेट्या होत्या. कारकूनबाई टेबलाशी बसून चिठ्ठीवरचा क्रमांक मोठ्याने वाचायच्या, मिस्त्री ते हत्यार उचलून त्यांना दाखवायचा, बाई यादीत खूण करायच्या आणि मग गॅस कटरची निळी ज्योत आपलं काम करायची. साहेब पंख्याखाली बसून जांभया देत होते. सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालं, अशी शेवटी सही करायची एवढंच त्यांचं काम.

सातव्या पेटीत बावीस गावठी पिस्तुलं निघाली. एका बेवारस गाडीत सापडलेली. आरोपी कुणीच मिळाला नाही, म्हणून प्रकरण लवकर निकाली निघालं होतं. मिस्त्रीने पहिलं उचललं आणि सवयीप्रमाणे नळी उजेडात फिरवून पाहिली. हत्यार कसं घडवलंय ते बघायची त्याला खोड होती. काम ओबडधोबड दिसलं की तो न पाहिलेल्या गुन्हेगाराला शिव्या घालायचा. म्हणायचा, "चोर तर चोर, वर आळशी!"

हे काम आळशाचं नव्हतं. माप नेमकं, भोक सरळ. फक्त लेथ मशीनवर कातताना नळीवर उठलेल्या रेघा तशाच सोडलेल्या, घासलेल्या नव्हत्या. दहा रेघा सारख्या आणि अकरावी जराशी खोल. पुन्हा दहा, पुन्हा अकरावी खोल. मिस्त्रीने दुसरं पिस्तुल उचललं. मग तिसरं.

ते लेथ त्याचं स्वतःचं होतं. म्हणजे पूर्वी होतं. जुनं घेतलेलं मशीन, गिअरचा एक दात अर्धा तुटलेला. त्यामुळे दर अकराव्या रेघेला कातणारं टूल क्षणभर अडखळायचं आणि ती रेघ खोल जायची. दात बदलू, बदलू म्हणत त्याने बारा वर्षं काढली, कारण आळस हा त्याच्या लेखी फक्त दुसऱ्यांचा दोष होता. तो आपला एमरी पेपरने प्रत्येक नग घासून गुळगुळीत करायचा की खूण जायची. लग्नात त्याने लेकीला दागिना दिला नाही, ते लेथ दिलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण लेक नऊ वर्षांची असल्यापासून त्याच्या शेजारी स्टुलावर उभी राहून मशीन चालवत होती. तो तिला बंडू म्हणायचा. बंडूच्या हातासारखा हात त्याने कार्यशाळेतसुद्धा पाहिला नव्हता आणि हे तो साहेबांना तोंडावर सांगायचा.

आता ती बसने दोन तासांवरच्या गावात राहत होती. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत लेथ. पंपाचे बुश करून देते, असं ती सांगायची. गेल्या आठ महिन्यांत मात्र फोन केला की, "कामात आहे बाबा, ठेवते." मिस्त्रीला वाटलं, पोरगी कशावरून तरी रुसली. मग तोही रुसला. बाप-लेक दोघांचंही नाक सारखंच वर.

बावीसच्या बावीस नळ्यांवर तिच्या मशीनची खूण होती. त्याला समोर फक्त एक चित्र दिसत होतं, बंडूला हातकड्या घालून नेतायत आणि सासू आतून हाका मारतेय. तिने हे का केलं असेल, हा विचारसुद्धा त्याच्या मनात नीट आला नाही. आधी वाचवायचं, मग कान धरायचा, एवढंच त्याला सुचलं.

नेमके तेव्हाच साहेब उठून आले.

"मिस्त्री, यातली पाच बाजूला ठेवा. पोलिसांना संशय आहे, सगळी एकाच कारखान्यातली आहेत. प्रयोगशाळेत पाठवायचीत. कोर्टाची परवानगीही घेतलीय."

"पाठवा की," मिस्त्री म्हणाला. "पण उपयोग नाही साहेब. ही चार-पाच ठिकाणची आहेत. काही हाताने कानशीने घासलीत, काहींना मशीन लागलंय, तेही वेगवेगळं. उगाच त्यांचा वेळ आणि आपला कागद."

"नक्की?"

"तीस वर्षं हेच बघतोय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. प्रयोगशाळेत पाठवायचं म्हणजे पाच डबे, पाच लाखेची सीलं, पाच पानी अहवाल. तीस वर्षांत मिस्त्रीचा शब्द कुणी पारखून पाहिला नव्हता. "मग तसं लिहून द्या," ते म्हणाले. कारकूनबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. मिस्त्रीने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं की सदर हत्यारं वेगवेगळ्या मशीनवर बनलेली असून त्यांत समान खूण आढळत नाही. खाली सही केली. मग कटर पेटवला आणि बावीस नळ्या तीनतीन जागी कापल्या. त्या दिवशी तो एकदाही कुणावर खेकसला नाही. कारकूनबाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" संध्याकाळी तुकडे भट्टीत गेले तेव्हा त्याला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळच्या पहिल्या बसने तो लेकीकडे गेला. रस्ताभर त्याने काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. सुरुवात "कार्टे" या शब्दाने होती.

दारात एक माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून नखं कापत होता. मिस्त्रीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तो मात्र उठला आणि हसून म्हणाला, "या काका, या. ताई कामात आहेत. मी मालकांचा माणूस. काम वेळेवर व्हायला हवं ना, म्हणून इथेच असतो."

"इथेच म्हणजे?"

"इथेच," तो म्हणाला आणि मिस्त्रीच्या मागोमाग घरात आला.

आतल्या खोलीत सासू खाटेवर पडली होती. मिस्त्रीला पाहून ती डोळे पुसत राहिली. मागच्या दाराशी आणखी एकजण उभा होता. पत्र्याच्या खोलीत लेक लेथसमोर उभी होती. गालफडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं. "कार्टे" हा शब्द मिस्त्रीच्या तोंडातून निघालाच नाही.

"बाबा, बरे आलात," ती साध्या आवाजात म्हणाली. "गिअरचा आवाज येतोय. जरा बघता का?"

तिने मशीन चालू केलं. पत्र्याच्या खोलीत असा काही खडखडाट झाला की मालकांच्या माणसाने कानावर हात ठेवले आणि तो दाराबाहेर चार पावलं जाऊन उभा राहिला. बाप-लेक गिअरवर वाकली, डोक्याला डोकं लावून.

"दिसल्या ना रेघा?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"दिसल्या. घाबरू नकोस. सगळ्या कापल्या मी."

"कापल्या?"

"बावीसच्या बावीस. प्रयोगशाळेत पाच पाठवणार होते, तीही पाठवू दिली नाहीत. लेखी दिलं की खूण नाही. तुझं नाव कुठेही येणार नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

"बाबा, पहिल्यांदा त्यांनी पंपाच्या नळ्या म्हणून काम दिलं. कळलं तेव्हा मी नाही म्हणाले, तर हे दोघं येऊन बसले. फोनवर बोलताना बाजूला उभे राहतात. सासूबाईंना टाकून पळू कशी? मग मी घासायचं सोडलं. तुम्ही शिकवलंत ना, घासल्याशिवाय नग हातातून सोडायचा नाही. मुद्दाम सोडले. कधीतरी एखादं पकडलं जाईल, तुमच्या हातात येईल. मी न घासता नग सोडणार नाही हे तुम्हाला माहीत. तुम्ही ओळखाल, पोलिसांना दाखवाल, इथवर घेऊन याल." तिचा आवाज तिथे जरा हलला. "आठ महिने वाट बघतेय."

लेकीने त्याला हाक मारली होती आणि त्याने ती स्वतःच्या हाताने तीन जागी कापली होती. "आत्ता जातो," तो कसाबसा म्हणाला. "आत्ता जाऊन सांगतो सगळं."

खडखडाट थांबला. माणसाने आत येऊन बटण बंद केलं होतं.

"झाली का दुरुस्ती?"

"दात बदलावा लागेल," लेक म्हणाली. "बाबा आणून देतील."

"छे, काकांना कशाला त्रास? आम्ही आणू." तो दोघांकडे आळीपाळीने बघत होता. खूप वेळ बघत होता. "काका, तुमच्या बसची वेळ झाली असेल."

मिस्त्री तिथून थेट साहेबांच्या घरी गेला आणि उभ्या उभ्या सगळं ओकला. साहेब लाल झाले, मग पांढरे झाले. ते म्हणाले, "मिस्त्री, तुमचा कागद कालच वर गेलाय. आता छाप्याची परवानगी मागायची तर पहिला प्रश्न येणार, पुरावा काय? काल म्हणालात खूण नाही, आज म्हणता आहे. आणि नळ्या कुठायत?"

नळ्या भट्टीत वितळून गेल्या होत्या. पोलिसांनी आधी मिस्त्रीलाच बसवून घेतलं. टोळीला का वाचवलंस? किती दिवसांपासून सामील आहेस? तो हात जोडून म्हणत राहिला, मला काय हवं ते करा, पण आधी तिथे माणसं पाठवा. पाच पिस्तुलं प्रयोगशाळेत असती तर जे संध्याकाळच्या आत झालं असतं, त्याला तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी सकाळी गाड्या गेल्या. मिस्त्रीला मागच्या गाडीत बसवलं होतं. दारातली खुर्ची नव्हती. पत्र्याच्या खोलीत लेथ नव्हतं. जमिनीत बोल्टची चार भोकं आणि तेलाचा डाग, एवढंच शिल्लक होतं. आतल्या खोलीत सासू एकटी पडली होती. तिच्या उशाशी पाण्याची कळशी आणि ओळीने मांडलेल्या आठ वाट्या होत्या, तीन रिकाम्या, बाकीच्या प्रत्येकीत एकेका दिवसाच्या गोळ्या. शेजारणीला हाक मारा, असं सून सांगून गेली होती.

"तुम्ही गेलात, त्यानंतर तासाभरात नेलं," सासू म्हणाली. "ओरडली नाही. मशीनबरोबर गाडीत बसली."

मिस्त्रीवर चौकशी लागली, पण त्याला काढून टाकलं नाही. ती खूण ओळखणारा दुसरा माणूस कुणाकडे नव्हता. आता कुठेही गावठी पिस्तुल सापडलं की कापण्याच्या कितीतरी आधी, पोलीस ठाण्यातच, त्याला बोलावणं येतं. पूर्वी पेट्या कमी आल्या की तो समाधानाने म्हणायचा, जगात शहाणपण वाढलं. आता पेट्या आल्या नाहीत की त्याला अन्न गोड लागत नाही. बोटीवरून परतलेला जावई दर आठवड्याला येतो, समोर बसतो आणि निघून जातो. सात महिन्यांत मिस्त्रीने दोनशेच्या वर नळ्या पाहिल्या. ओबडधोबड, वाकड्या, कानशीने ओरबाडलेल्या. त्याला हवी ती एकही नव्हती.

परवा दुपारी एका ठाण्यावरून निरोप आला. फौजदाराने कापडात गुंडाळलेलं पिस्तुल टेबलावर ठेवलं. मिस्त्रीने हातमोजे घातले, नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि मोजायला लागला. नळी नवीकोरी होती, रेघांत तेलही वाळलं नव्हतं. दहा सारख्या, अकरावी खोल. पुन्हा दहा, पुन्हा अकरावी खोल. ज्या हाताने हे केलं तो अजून घासत नव्हता, आणि खूण मुद्दाम ठेवायचं कारण जगात एकाच माणसाला होतं. मिस्त्री मटकन खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तोंडावर हसू पसरलं, आवरेना.

"काय झालं?" फौजदाराने विचारलं.

"जिवंत आहे," मिस्त्री म्हणाला. "जिवंत आहे हो."

"कोण जिवंत आहे? अहो, काल सकाळी याच पिस्तुलाने दोन लेकरांच्या बापाला मारलंय. बाहेर बाकावर त्याची बायको बसलीय."

मिस्त्रीने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं. बाकावरची बाई त्याच्या हसऱ्या तोंडाकडे बघत होती.