गंध हरवलेला खानसामा

वाळलेली पाने तळहातांमध्ये चोळली जात असताना जो सूक्ष्म, कोरडा, कुजबुजल्यासारखा ध्वनी होतो, तो मी प्रथम ऐकला मार्गशीर्षातल्या एका सकाळी, गोंदियाला, साहेबांच्या बंगल्यामागच्या बावर्चीखान्याच्या ओट्याशी. धुके अजून विरले नव्हते. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवरून जमिनीला बिलगत ते कुंपणापर्यंत आले होते आणि आत यावे की नाही अशा संभ्रमात तिथेच थबकले होते. त्या धूसर उजेडात एक उंच, किंचित वाकलेला, पांढरा अंगरखा घातलेला मनुष्य डोळे मिटून दोन्ही तळहात एकमेकांवर फिरवीत होता, आणि त्यांच्या फटीतून हिरवट राखाडी चुरा खालच्या परातीत झरत होता. त्याची मुद्रा देवापुढे उभ्या राहिलेल्या माणसाची होती.

तो डोमाजी, रेल्वेच्या इंजिनियर साहेबांचा खानसामा. मी त्याच साहेबांचा कारकून, भंडाऱ्याहून नुकताच आलेला, सव्वीस वर्षांचा, अविवाहित. कचेरी बंगल्याच्याच एका कडेच्या खोलीत होती, आणि माझ्या मेजासमोरची खिडकी बरोबर त्या ओट्यावर उघडत असे. अशा रीतीने, माझ्या इच्छेशिवाय आणि त्याच्याही, आम्ही दिवसभर एकमेकांच्या दृष्टीत असू.

दर वर्षी नाताळच्या दोन महिने आधी कलकत्त्याहून वेताच्या टोपलीत एक पक्षी येई. साहेबलोक त्याला टर्की म्हणत, डोमाजी पीरू म्हणे. काळपट पिसांचा, गळ्याखाली लाल कातडीची झालर लोंबणारा तो भारदस्त प्राणी अंगणात पदच्युत संस्थानिकासारखा फिरे, आणि डोमाजी त्याला शिजवलेला भात व बारीक चिरलेली कांद्याची पात स्वतःच्या हाताने भरवी, त्याच्याशी बोले. कापण्याच्या दोन दिवस आधी मात्र तो बोलणे बंद करी. तेवढ्यावरून मला नाताळ जवळ आल्याचे कळे.

आमच्या घरी मांसान्नाचा उच्चारही होत नसे. तरीही त्याचे ते काम खिडकीतून पाहताना माझी लेखणी थांबे, हे कबूल केले पाहिजे. मिठाच्या पाण्याने धुतलेला पक्षी तो पांढऱ्या फडक्यावर आडवा ठेवी. मग बोटे कातडीखाली अशी हळुवार सरकवी की कातडी कुठे फाटत नसे, आणि त्या पोकळीत लोणी, कुटलेली काळी मिरी, किसलेले जायफळ, आल्याचा रस असे सारे एकजीव करून भरी. उदरात पावाचा चुरा, कांदा, लिंबाची साल, आणि विलायतेहून येणाऱ्या त्या दोन वाळक्या वनस्पती जात. एकीला तो सेजपत्ती म्हणे. दुसरीचे नाव मेमसाहेबांच्या तोंडून त्याने ‘टाईम’ असे ऐकले होते, म्हणून ती टाईमपत्ती. शेवटी सुईदोऱ्याने पोट शिवून, लोण्यात भिजवलेली मलमल वरून गुंडाळून, तो पक्षी लोखंडी पेटीत ठेवी. पेटीच्या वर निखारे, खाली निखारे. मग पेटीशेजारी बसून तो कान लावी. आतल्या चरबीच्या चुरचुरण्यावरून निखारे कधी ओढायचे आणि कधी सारायचे ते ठरवी. हे सारे त्याला कामठीच्या छावणीत, कुण्या बुढ्या खानसाम्याच्या हाताखाली तारुण्यात मिळाले होते.

त्याच पहिल्या वर्षी तो एक दिवस खिडकीशी आला. तळहातावर चिमूटभर पाने होती.

“बाबू, जरा हुंगून सांगा ना जी. वास जिता आहे का मेला?”

“का? तुम्हाला येत नाही?”

त्याने मागे वळून पाहिले. अंगणात कोणी नव्हते.

“नाई येत. साथीच्या तापात गेला. कोनाले सांगू नोका.”

पुढचे त्याने तुटक तुटक सांगितले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या तापाच्या साथीत घरोघरी माणसे पडली तेव्हा बंगल्यातही सारे आजारी होते, आणि डोमाजी तिथे पेज शिजवीत राहिला. घरी जायला मोकळीक मिळाली तोवर बायको जाऊन दोन दिवस झाले होते. त्यालाही ताप भरला. तो उठला, पण जगातले सारे गंध तेव्हापासून बंद झाले. फोडणीचा नाही, फुलाचा नाही, चितेच्या धुराचाही नाही. हाताला माप ठाऊक होते, कानाला आच ठाऊक होती, डोळ्यांना रंग. म्हणून रोजचे निभत होते. परंतु समुद्र ओलांडून आलेली ती पाने दमटपणाने कधी निर्जीव होत, कधी कुबट, आणि ते केवळ नाकालाच कळे.

मी हुंगले. ओल्या लाकडाचा, औषधाचा, दूरच्या कुठल्यातरी थंड डोंगराचा असा तो अपरिचित वास होता. “जिता आहे,” मी म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते हिवाळ्यातल्या उन्हासारखे होते; थोडे, तिरपे, पण खरे.

तीन नाताळ मी त्याचे नाक झालो. पाने, लोणी, मिरी, पावाचा चुरा, सारे तो ओंजळीत घेऊन खिडकीशी येई आणि मी मान हलवी. एकदा जायफळाला बुरशीचा वास होता तो मी ओळखला तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसा आंधळा रस्ता ओलांडून देणाऱ्याकडे चेहरा वळवतो. त्याबदल्यात त्याने मला कधी काही देऊ केले नाही, नि मला ते आवडे. बायकोचा विषयही त्याने पुन्हा काढला नाही. संध्याकाळी जवळच्या नागरा गावी शंकराच्या दर्शनाला जाणाऱ्या बायका रस्त्याने बोलत चालल्या की तो हातातले काम थांबवून त्यांचे बोलणे दूर जाईपर्यंत ऐकत राही, एवढेच मी पाहिले होते.

चौथ्या वर्षी माझे लग्न ठरत होते. आई भंडाऱ्याहून येऊन राहिली होती, आणि नागपूरहून मुलीचे वडील व मामा आले होते. स्टेशनापाशी कुणीतरी त्यांच्या कानावर घातले असावे, कारण आईने जेवताना, कोणाकडे न पाहता, विचारले, “तू त्या बावर्चीखान्याच्या ओट्याशी असतोस म्हणे?” मी नाही म्हणालो. मामांनी पानातला भात तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी डोमाजी खिडकीशी आला. पक्षी कापून झाला होता.

“या वेळी नको, डोमाजी. घरी पाहुणे आहेत.”

“दुरूनच सांगा ना जी. मी हात वर धरतो, तुमी आतच बसा.”

“नको म्हटलं ना!”

माझा स्वर चढला होता. त्याने उघडा तळहात मागे घेतला.

“काऊन जी, माहं काई चुकलं का?”

“चुकलं नाही काही.”

“बरं. राहू द्या. हाताले सवय आहे.”

त्याने मूठ मिटली आणि तो ओट्याकडे गेला. मी खिडकीचे एक दार ओढून घेतले. उजेड कमी झाला म्हणून मला लिहिता येईना. तरी ते दार मी पुन्हा उघडले नाही.

नाताळच्या दुपारी आम्ही कारकून मंडळी संत्र्यांच्या करंड्या घेऊन साहेबांना भेटायला मागच्या व्हरांड्यात ताटकळत होतो. आत पाहुण्यांचे हसणे चालले होते. बेअरा ताट घेऊन गेला. लोण्याने सोनेरी झालेला, कुठेही न करपलेला तो पक्षी खरोखर देखणा दिसत होता. मग सुरी चालली असावी, आणि उदरातली वाफ बाहेर आली असावी. कारण हसणे एकाएकी थांबले. त्या शांततेतून तो वास व्हरांड्यात आमच्यापर्यंत आला. घासलेट. कोठीतल्या फळीवर ठेवलेला घासलेटचा डबा झिरपला होता आणि सेजपत्तीची पिशवी त्याखाली होती, हे पुढे कळले. खिडकीतून हातभर अंतरावरूनही मला ते कळले असते.

मेमसाहेब स्वतः बशी घेऊन अंगण ओलांडून गेल्या. डोमाजी ओट्यावर हात पुसत उभा होता.

“डोमाजी, इसको सूँघो.”

त्याने बशी दोन्ही हातांनी घेतली. मान खाली केली. दीर्घ, संथ श्वास घेतला, जसा जाणता खानसामा घेतो तसा. आणि तो म्हणाला,

“अच्छा है, मेमसाब. बहुत अच्छा है.”

त्यांच्या चेहऱ्यावरचा राग त्याच क्षणी ओसरला. त्याच्या जागी जे आले ते रागाहून कठीण होते. “कब से?” त्यांनी हळू विचारले. त्याची दृष्टी एकदाच, अंगण ओलांडून, व्हरांड्यात माझ्यावर आली. मी करंडीतल्या संत्र्यांकडे पाहू लागलो. मला काही बोलता आले असते. ‘दर वर्षी हे मी पाहतो, यंदा मी नकार दिला,’ इतकेच. शेजारी माझ्या भावी सासऱ्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ उभे होते.

साहेब क्रूर नव्हते. कोणी मोठ्याने बोलले नाही. त्याच्या नोकरीची प्रशंसा करणारे पत्र मीच माझ्या अक्षरात लिहिले, साहेबांनी सही केली. तिसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो स्टेशनाकडे गेला. खिडकीचे दुसरे दार उघडेच होते. मी लिहीत राहिलो.

लग्न फाल्गुनात झाले. चैत्रात मी कुणाला न सांगता आमगावपर्यंत गाडीने आणि तिथून बैलगाडीने देवरीच्या रानात उतरलो. चिचगडाजवळच्या एका पाड्यात तो धाकट्या भावाकडे राहत होता. पहाटेचा मोह वेचून बायका टोपल्या घेऊन घरी परतल्या होत्या, आणि उशिरा गळणारी फुले गुरांनी खाऊ नयेत म्हणून डोमाजी झाडाखाली काठी घेऊन बसला होता. अंगरखा नव्हता. तो मला एकदम लहान वाटला.

“या जी बाबू. घरचे सारे बरे?”

“बरे आहेत. डोमाजी, माझं चुकलं.”

वरून एक फूल टपकन पडले. मग दुसरे.

“नाक तुमचं होतं जी,” तो शेवटी म्हणाला, “माहं थोडी होतं. तीन साल तुमी देल्लं. चौथ्या साली नाई देल्लं.”

या शब्दांत क्षमा नव्हती आणि आरोपही नव्हता. जे घडले ते त्याने घडले तसे माझ्यासमोर ठेवले होते, आणि ते मला सर्वांत जड गेले.

मग त्याने जमिनीवरचे एक फूल उचलून माझ्यापुढे धरले. “कसा येऊन राहिला वास?”

मी हुंगले. गोड, म्हणालो, थोडा आंबूस, भिजवलेल्या धानासारखा.

“अजून?”

“एवढाच.”

“नाई जी. त्यात धूर असते. बाया झाडाखालचा पाला जारतात, मंग फूल पडते. नीट हुंगा.”

मी पुन्हा हुंगले. आणि खरोखर, त्या माधुर्याच्या अगदी तळाशी, जळलेल्या पानांचा एक पुसट धागा होता. माझ्या जिवंत नाकाला जो सापडला नव्हता, तो त्याच्या स्मरणात शाबूत होता. मी “हो, आहे” म्हणालो तेव्हा तो हसला. मग ते हसू मावळले आणि तो रानाकडे पाहत म्हणाला,

“मोहाचा याद राहिला. सेजपत्तीचा राहिला. तिच्या लुगड्याचा नाई राहिला. रोज आठवून पाहतो. काऊन तसं, मले समजत नाई.”

ऊन चढेपर्यंत आम्ही दोघे तिथे बसलो. गुरे आली की तो काठी आपटी, गेली की पुन्हा स्तब्ध होई. निघताना मी वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्याने पाय मागे घेतले, मात्र उशिराने.

पुढल्या पावसाळ्यात तो गेला. चिचगडच्या बाजूने लाकूड घेऊन येणाऱ्या एका गाडीवानाने ती वार्ता सहज, दुसरेच काही सांगता सांगता, मला सांगितली.

त्यानंतर मी पुष्कळ जगलो. साहेब बदलले, मग सारेच साहेब गेले. जिच्यासाठी मी खिडकी ओढून घेतली तिच्याशी माझा संसार चांगला झाला, आणि आता तीही नाही. तिचा चेहरा आठवतो, पावलांचा आवाज आठवतो. काय आठवत नाही ते मी मुद्दामच तपासत नाही. काळ जाताना घरातली एखादीच वस्तू नेतो, आणि कोणती नेली हे आपल्याला कळते ते फार उशिरा, तिच्यासाठी हात पुढे केल्यावर.