बेचाळीस चांदण्या

"बेचाळीस आहेत. गुरुवारपर्यंत लावून झाल्या पाहिजेत," म्हणत खातेप्रमुख वेसलिंगने पुठ्ठ्याचं खोकं विल्माच्या टेबलावर ठेवलं. "लागणार चाळीसच. दोन कुठेतरी हरवतील म्हणून जास्तीच्या."

खोक्यात पिवळ्या कापडाच्या सहा टोकी चांदण्या होत्या. सकाळीच छापून आलेल्या, अजून रंगाचा वास येणाऱ्या. प्रत्येकीच्या मधोमध काळ्या वळणदार अक्षरांत 'ज्यू' असा शब्द. युद्धात ज्यूंना सक्तीने लावाव्या लागत तशाच.

"डावीकडे, छातीवर. तुम्हाला काय सांगायचं म्हणा," वेसलिंग हसला आणि शीळ घालत दुसऱ्या टेबलाकडे गेला.

विल्मा हार्म्सने एक चांदणी उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. हॅम्बुर्गच्या या स्टुडिओत शिवणखात्यात ती नऊ वर्षं होती. राजकन्यांचे झगे, खलाशांचे सदरे, पोस्टमनच्या वर्द्या, काय वाट्टेल ते तिने शिवलं होतं. आता युद्धाच्या काळातला सिनेमा निघत होता. एक शिक्षक, त्याची बायको आणि शेजारचं ज्यू डॉक्टरांचं कुटुंब. स्टुडिओत सगळे हळू आवाजात बोलायचे त्याबद्दल. असा सिनेमा काढायला छाती लागते म्हणे.

तिने कोट पुढे ओढला, सुईत दोरा ओवला आणि पहिली चांदणी लावली. बारीक, घट्ट, एकसारखे टाके. हात आपसूक चालत होते आणि त्याचाच तिला संताप येत होता. कारण हे टाके तिला पाठ होते ते शिवून नव्हे. उसवून.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात बाँबफेकीत अर्धं शहर जळालं तेव्हा विल्माची खोलीही गेली. नवरा रशियात बेपत्ता, कडेवर सव्वा वर्षाची गेझा. कालव्याकाठच्या एका गोदामात शिवणकाम मिळालं. गोदामात कोटांचे ढीग यायचे, आगगाडीचे डबेच्या डबे. घर जळालेल्या लोकांना वाटायचे कोट. वाटण्याआधी त्यांवरच्या चांदण्या उसवायच्या, नावं शिवलेली असतील तेवढं अस्तर कापायचं, खिसे रिकामे करायचे. वीस बायका आठ महिने हेच करत होत्या. खिशांत रुमाल निघायचे, ट्रामची तिकिटं निघायची, कधी चष्म्याची एखादी काच. या कोटांतली माणसं थंडीच्या तोंडावर कोट टाकून कुठे गेली, हे वीसजणींपैकी एकीनेही विचारलं नाही. विचारायचं नसतं हे कुणी सांगितलंही नव्हतं.

युद्ध संपल्यावर शहराचा ताबा घेतलेल्या इंग्रजांनी छापील प्रश्नावल्या वाटल्या. युद्धकाळात काय काम केलंत, यापुढे विल्माने लिहिलं, 'शिवणकाम'. त्यात खोटं काहीच नव्हतं.

गोदामावर देखरेख करणारा माणूस वेसलिंग होता. पन्नास साली तो तिला रस्त्यात भेटला, स्टुडिओत माणसं हवीत म्हणाला आणि तिला इथे घेऊन आला. नऊ वर्षांत दोघांनी त्या गोदामाचं नाव काढलं नव्हतं.

बुधवारी दुपारी दिग्दर्शक आलर्स शिवणखात्यात आला. तीस वर्षांचाही नसेल. डोळे जागरणाने लाल, गळ्यात मफलर, बोलताना हात सारखे हवेत. चांदण्या लावलेले कोट एका दांडीवर ओळीने टांगले होते. तो एकेका कोटासमोर थांबत गेला आणि शेवटच्या कोटाशी त्याने टोपी काढली.

"हार्म्सबाई, अंगावर काटा आला हो," तो म्हणाला. "आता आणखी एक कोट द्या मला. शेवटच्या प्रसंगासाठी. युद्ध संपलंय, डॉक्टरांची मुलगी एकटी परत येते. चांदणी तिने काढून टाकलीये. म्हणजे साधाच कोट. स्वच्छ."

"स्वच्छ कसा असेल?" विल्मा म्हणाली.

"म्हणजे?"

"चांदणी काढली तरी खाली खूण राहते. बाकीचं कापड उन्हाने विटतं, तेवढंच विटत नाही. सहाही टोकं गडद दिसतात. व्हिनेगर लावलं, ब्रशने घासलं, उलटीकडून इस्त्री केली, तरी जात नाही. वर खिसा लावावा लागतो. नाहीतर कॉलर रुंद करून त्यावर आणायची."

आलर्स तिच्याकडे वळला. "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"शिवणारणीला कापडाचं कळणारच की, साहेब," वेसलिंग लगबगीने मध्ये आला. "आमच्या हार्म्सबाई म्हणजे..."

"मी उसवल्यात," विल्मा म्हणाली. आवाज आपला नव्हेच असं तिला वाटलं. "आठ महिने. दिवसाला साठ, कधी सत्तर. आणि हे वेसलिंगसाहेब आमच्यावर देखरेखीला होते. साठच्या खाली गेलं की ओरडायचे."

खात्यातली यंत्रं एकेक करून थांबली. वेसलिंगचं तोंड हसरंच राहिलं, फक्त त्याचा रंग उतरला.

आलर्सने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग त्याचे डोळे चमकले. "पण हे जबरदस्त आहे! ती खूण! कॅमेरा हळूहळू कोटाजवळ जातो आणि... हार्म्सबाई, तुम्ही मला केवढी मोठी गोष्ट दिलीत, कळतंय का तुम्हाला?"

विल्माला वाटलं, हातातली कात्री याच्या मफलरवर चालवावी. सोळा वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालेलं ते वाक्य या पोराने उचललं आणि गमतीच्या वस्तूसारखं खिशात टाकलं!

"खूण दाखवायची असेल तर दाखवा," ती म्हणाली. "पण मग ते वाक्य काढा."

"कुठलं वाक्य?"

"शिक्षकाची बायको शेवटी रडत म्हणते ते. आम्हाला काही ठाऊकच नव्हतं. मी वाचलंय. कपड्यांसाठी आम्हाला संहिता देतात."

"अहो, ती साधी गृहिणी आहे..."

"मी कोण होते? सेनापती? मी साधी शिवणारीण होते. मला ठाऊक होतं. त्या बाईच्या शेजारचं घर एका सकाळी रिकामं होतं, दुपारी त्यातलं सामान रस्त्यावर लिलावात निघतं, आणि तिला ठाऊक नाही? आंधळी दाखवा मग तिला. काठी द्या हातात."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

आलर्सने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला. आता तो खरंच तिच्याशी बोलत होता. "ऐका. मलाही ते वाक्य आवडत नाही. पण ते काढलं तर पैसे घालणारे उठून जातील, सिनेमाच निघणार नाही. लोक तिकीट काढून शिव्या खायला येतील का? त्यांना रडू दे आधी. रडले तर उद्या विचार करतील."

"ते रडतील आणि हलके होऊन घरी जातील," विल्मा म्हणाली. "जेवतील चांगले."

संध्याकाळी जिन्यात वेसलिंगने तिला गाठलं. हसू मावळलं होतं.

"मला दोन वर्षांनी पेन्शन आहे, हार्म्सबाई. तुम्हाला मी या नोकरीला लावलं."

"लावलंत. गोदामातली एक ओळखीची बाई डोळ्यांसमोर असलेली बरी, म्हणून लावलंत."

तो जिन्याच्या कठड्याला टेकला. "बरं. मग सगळंच बोलू या. एक छोटा कोट होता. निळा, लोकरीचा, चारेक वर्षांच्या मुलीचा. तुम्ही तो आपल्या कोटाखाली गुंडाळून नेलात. मी पाहिलं आणि तोंड फिरवलं. लेकरू आहे घरी, म्हटलं, नेऊ दे. ती गेझा आता मोठी झाली असेल ना? तिला सांगितलंय का कधी?"

विल्मा जिना उतरू लागली. वेसलिंगचा राग येत होताच, पण त्याहून मोठा राग आला तो त्याने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं याचा.

गेझा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. सतरा वर्षांची, व्यापारी शाळेत शिकणारी, आईपेक्षा उंच. स्टोव्हच्या वर भिंतीवर तिचा लहानपणीचा फोटो होता. गुडघ्याच्या खाली आलेला कोट, दुमडलेल्या बाह्या, चेहऱ्यावर हसू.

"लवकर आलीस आज?"

"बस जरा," विल्मा म्हणाली, आणि टोपीसुद्धा न काढता तिने सगळं सांगितलं. गोदाम, ढीग, चांदण्या. शेवटी कोट. सांगताना तिने एकदाही 'तेव्हा सगळेच' असं म्हटलं नाही. ते शब्द दोनदा जिभेवर आले, तिने गिळले.

गेझाने सुरी खाली ठेवली. उठून फोटोसमोर उभी राहिली.

"हा?"

"हा."

"मला माझा हा फोटो सगळ्यांत आवडायचा," गेझा म्हणाली. मग वळली. "त्याच्यावर होती ती? एवढ्याशा कोटावर?"

"होती. मीच उसवली."

"खिशात काय होतं?"

"गेझा..."

"खिशात काय होतं, आई?"

"हिरव्या खडूचा तुकडा. आणि एक हातमोजा."

"आणि तू तो मला घातलास."

"थंडी होती. तुझे ओठ निळे पडायचे. खिडक्यांना काचा नव्हत्या."

"तिला नसेल का थंडी?" गेझा ओरडली. "तिचे ओठ नसतील का निळे पडत? ती कुठे गेली हे तुला माहीत होतं?"

"नाव-गाव माहीत नव्हतं. परत येणार नाही एवढं माहीत होतं. परत येणाऱ्या माणसाच्या अस्तरातलं नाव कुणी कापायला सांगत नाही."

गेझाने खिळ्यावरून फोटो ओढून काढला. फाडेल असं विल्माला वाटलं, पण तिने तो फाडला नाही. स्वतःच्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं. बटाटे तसेच काळे पडले.

दुसऱ्या दिवशी विल्माने उरलेल्या चांदण्या लावल्या नाहीत. खोकं वेसलिंगच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "या तुम्ही लावा. तुम्हालाही जागा माहीत आहे." त्याच आठवड्यात तिचा हिशेब करून तिला काढलं. कागदावर कारण लिहिलं होतं, सहकाऱ्यांशी बेबनाव. मग ती घरीच पडदे शिवू लागली, विजारी आखूड करू लागली. गेझा तिच्याशी कामापुरतं बोलायची. मीठ दे, किल्ली कुठे आहे, मला उशीर होईल. विल्माने माफी मागितली नाही. माफ करण्याचा हक्क त्या निळ्या कोटाच्या मुलीचा होता, आणि ती या घरात नव्हती.

शरद ऋतूत सिनेमा लागला. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतला. एका रविवारी विल्मा तो बघायला टोपी घालून निघाली तर गेझा दारात कोट घालून उभी.

"मलाही बघायचंय काय दाखवलंय," ती म्हणाली. एवढंच.

दुपारचा खेळ भरलेला होता. आलर्सने ती खूण दाखवली होती. कॅमेरा कोटाजवळ गेला तेव्हा सगळ्या थिएटरने श्वास रोखला. खोटी होती ती, रंगाने काढलेली, टोकं फार नीटनेटकी. मग शिक्षकाची बायको त्या परत आलेल्या मुलीचे हात धरून गुडघ्यांवर बसली. संगीत चढत गेलं. तिचे ते टपोरे सुंदर डोळे भरून आले.

"आम्हाला काही ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली.

अंधारात पर्स उघडल्याचे आवाज आले. रुमाल निघाले. विल्माच्या शेजारची जाडसर बाई हुंदके देत होती.

विल्मा उभी राहिली. "ठाऊक होतं!"

"शूऽऽ!"

"ठाऊक होतं आम्हाला! मला होतं, तुम्हालाही होतं!"

"खाली बसा हो बाई!" "पिऊन आलीय वाटतं." "बाहेर काढा तिला!"

मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला. "आमचे काय कमी हाल झाले का हो? आमचीही घरं जळाली! माझी बहीण जळाली तळघरात!"

विल्मा त्याच्याकडे वळली. तिला त्या बहिणीचं वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि तरीही राग ओसरला नाही.

"जळाली. माझंही घर जळालं," ती म्हणाली. "आणि मग तुम्ही कुणाच्या पलंगावर झोपलात, आजोबा? कुणाच्या चादरी होत्या त्या?"

म्हातारा उभाच राहिला. जाडसर बाईने आपली पर्स मांडीवर घट्ट धरली. तेवढ्यात बॅटरीवाला माणूस आला, त्याने विल्माचं कोपर धरलं आणि तिला रांगेतून बाहेर नेलं. तिने गेझाकडे पाहिलं. गेझा समोर पडद्याकडे बघत बसली होती.

बाहेर ऊन होतं, वारा होता. विल्मा तिकीटखिडकीपाशी थांबली. सिनेमा सुटला, लोक लाल डोळ्यांनी बाहेर पडले आणि तिला वळसा घालून गेले. सगळ्यांत शेवटी गेझा आली. आईकडे न बघता तिने रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या फुटपाथने चालू लागली.

विल्मा अलीकडून चालली. मधून ट्राम गेली. ट्राम पुढे सरकल्यावर गेझा तिथेच, त्याच चालीने. अशा दोघी बेकरीवरून गेल्या, शाळेवरून गेल्या, पडक्या इमारतींच्या जागी उठलेल्या नव्या चाळींवरून गेल्या.

कालव्यावरच्या पुलाची डागडुजी चालली होती. पलीकडचा फुटपाथ फळ्या ठोकून बंद केला होता. गेझा फळ्यांपाशी क्षणभर थांबली, मग रस्ता ओलांडून अलीकडे आली. आईच्या दोन पावलं मागे. विल्माने मान वळवली नाही, पाऊल हळू केलं नाही. अरुंद फुटपाथवर मागून येणारी पावलं तिला ऐकू येत होती. पूल संपला, दोन्ही बाजूंना पुन्हा फुटपाथ सुरू झाले, आणि पावलं तिच्या मागेच येत राहिली.