पालथा पेला

आमच्या सासरी कुणी चहाचा पेला पालथा घातला की बाकीच्यांनी तोंड मिटायचं. ही सासूबाईंची युक्ती. मोठे दीर बोलायला लागले की थांबायचे नाहीत, नणंद त्यांच्या वरताण, आणि धाकटा, म्हणजे माझा नवरा, लहानपणापासून अडखळत बोलणारा. त्याचं पहिलं अक्षर बाहेर पडेपर्यंत घरातलं सगळं ठरून मोकळं. शेवटी सासूबाईंनी नियम केला: ज्याला पटत नाही त्यानं पेला पालथा घालायचा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

परवा त्याच टेबलाभोवती आम्ही बसलो होतो. झटका आल्यापासून सासूबाईंची वाचा गेलीय, उजवं अंगही गेलंय. त्यांना घरी ठेवायचं की संस्थेत, एवढं ठरवायचं होतं.

"तिथे दिवसरात्र नर्स असते," दीर म्हणाले.

मी ताडकन पेला पालथा घातला. "इथे मी असते. आत्ताही मीच करतेय ना सगळं?"

सगळ्यांनी नियमाप्रमाणे माझं ऐकून घेतलं. "आज म्हणतेस गं, उद्या तूच कंटाळशील," नणंद म्हणाली. मग आधी जे ठरवून आले होते, तेच ठरलं.

सासूबाई चाकाच्या खुर्चीत, माझ्या नवऱ्याशेजारी. चहा घशाखाली उतरत नाही, म्हणून त्यांच्यापुढे पेलाच ठेवला नव्हता.

त्यांचा डावा हात टेबलावरून सरकत सरकत आला. त्यांनी माझ्या नवऱ्याचा पेला धरला आणि पालथा घातला. उरलेला चहा टेबलभर झाला.

"अगं आई!" दीर उठलेच. "फडकं आणा कुणीतरी."

"हात थरथरतो तिचा," नणंद म्हणाली.

"थरथरत नाहीये!" मी ओरडले. "त्यांनी पालथा घातलाय. बसा सगळे खाली!"

कुणी बसेना. सासूबाई मात्र आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या धाकट्याकडे बघत होत्या. त्याचे ओठ हलले. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. लग्नापासून वाटच पाहत आलेय. वाटलं, आज तरी बोलेल, आज तरी.

त्यानं पेल्यावरची आईची बोटं एकेक करून सोडवली. पेला सरळ केला, फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागला.