काचेकडे पाठ

सासऱ्यांनी काचेचं दुकान माझ्या हाती दिलं तेव्हा मी आधी मन निर्मळ करायला गेले. म्हणजे एका हॉटेलात शिबिर केलं. पांढऱ्या बुटांचा प्रशिक्षक म्हणाला, डोकं शांत ठेवा आणि माणसांचे स्वभाव ओळखा. स्वभावांना त्याने रंग दिले होते. परत येऊन मी दुकानातल्या माझ्या चौघा माणसांना रंगवून टाकलं.

तिथेच घात झाला. प्रत्येकाला आपापल्या खोडीचं प्रमाणपत्र मिळालं. रॉकेट मुळातच घाईचा, तो आता म्हणे, "मी लाल आहे, मला थांबवू नका." भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पिवळे निघाले. त्यांच्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं, आता दारही गेलं. शंकासुर निळा, तो बांधलेली गाठ पुन्हा सोडून बघायचा. मौनी हिरवा. हे कळल्यावरही तो काही बोलला नाही.

काल चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काच बसवताना रॉकेट म्हणाला उचला, भावजी म्हणाले थांबा आणि मी दोन्ही म्हणाले. काचेचा चुरा झाला. कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब. सासऱ्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "दुसरी पाठवतो. तीही फुटली तर चाव्या आणून दे. दुकान विकून टाकतो." मला रडू आलं. या दुकानाशिवाय मला दुसरं काही करायचंच नाही.

आज काच टेम्पोतून उतरवायची वेळ आली आणि माझ्या शांत डोक्यात बाजार भरला. "उचला. नको, थांबा. भावजी, तुमची बाजू..." बोलता बोलता लक्षात आलं, चौघंही काचेकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते. कालही तसंच बघत होते.

मी गप्प झाले. मग म्हणाले, "आज शंकासुराचं ऐकायचं. त्याची खात्री पटल्याशिवाय कोणी बोट हलवायचं नाही. त्याचा आवाज बारीक आहे, म्हणून तो सांगेल ते भावजी ओरडतील. पदरचं काही घालायचं नाही, भावजी. रॉकेट, आधी पळत जाऊन वाट मोकळी कर, मग मागचं टोक धर. मौनीसोबत."

"आणि वहिनी, तुम्ही?" भावजींनी विचारलं.

"मी तुमच्या नजरेसमोरून बाजूला होते."

चष्मेवाला दारात कुरकुरत उभा होता. मी काचेकडे पाठ करून त्याच्यासमोर उभी राहिले. मेल्याच्या चष्म्यात मागचं सगळं दिसत होतं. मी नजर त्याच्या टायवर ठेवली. टाय भयंकर होता.

"बाई, तुम्ही बघत का नाही?"

"त्यांना येतं म्हणून," मी म्हणाले.

मागून भावजी ओरडले, "एक पाऊल पुढे. थांबा. शंकासुर म्हणतो, अजून जरा विचार करू द्या." रॉकेटने दातओठ खाल्ल्याचं मला पाठीला कळलं. चष्मेवाल्याचं तोंड उघडलं, तसंच राहिलं, मग हळूहळू मिटलं.

"बसली," कोणीतरी म्हणालं. तो मौनी होता.

मी सासऱ्यांना फोन लावला.

"बसली?"

"बसली, बाबा."

"तू काय केलंस?"

"पाठ फिरवून उभी राहिले."

ते म्हणाले, "मला ते कधी जमलं नाही. चाव्या असू देत तुझ्याकडेच."